मीटर मागे, ब्रेक पुढे

९ जानेवारी

आज हे दुधाच्या गाडीवर आदळले. गाडी चालत नव्हती, उभी होती. रस्त्याच्या कडेला, दिवे लावून, अख्ख्या जगाला दिसेल अशी. मी विचारलं, "अहो, एवढं मोठं धूड दिसलं नाही?" तर म्हणतात, "ती मधेच आली." उभी गाडी मधेच येते म्हणे! कोपर सोललं, गुडघा सुजला, सायकलचं पुढचं चाक वाकलं. हाड मोडलं नाही एवढं नशीब.

संध्याकाळी डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी बराच वेळ तपासलं आणि मग खुर्ची जवळ ओढून बसल्या. डॉक्टर खुर्ची जवळ ओढतात तेव्हा काही खरं नसतं. डाव्या डोळ्याचा पडदा मधोमध झिजलाय. कडेचं दिसेल, समोरचं नाही. उजवा सध्या बरा आहे, पण तोही हळूहळू याच वाटेने जाणार. कधी, ते त्यांनाही सांगता येत नाही. सायकल एकट्याने चालवायची नाही, हे मात्र दोनदा बजावून सांगितलं.

घरी आल्यावर हे शिवणाच्या खोलीत गेले, सायकल भिंतीवरच्या हुकाला टांगली आणि कपाटातली चादर काढून तिच्यावर घातली. माझी चांगली इस्त्रीची चादर होती. मी ती तशीच राहू दिली.

२८ जानेवारी

हे खुर्चीत बसतात. सकाळी बसतात ते जेवायलाच उठतात. बस डेपोत वेळापत्रकं बनवण्यात यांचा जन्म गेला, कुठली बस कुठल्या फाट्यावर किती वाजता पोचते ते झोपेतही सांगतील. त्या माणसाला आता सकाळ आहे की दुपार याचंही सोयरसुतक नाही. दाढी नाही, फिरणं नाही, माझ्याशी भांडणसुद्धा नाही. भांडण नाही म्हणजे फारच झालं.

आज मुलाचा फोन आला. लांब राहतो, तिथून त्याला सगळं सोपं दिसतं. म्हणाला, "बाबा, ती सायकल विकून टाका, उगीच धूळ खाईल." आणि हे म्हणाले, "विक."

दर रविवारी पहाटे मला अंथरुणात टाकून हे त्या सायकलबरोबर पसार व्हायचे. शंभर काय, दोनशे काय, तीनशे किलोमीटर काय! मी तिला आयुष्यभर सवत म्हणत आले. पण सवतीला विकायला निघालेला हा माणूस मला ओळखीचा वाटेना. फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. मग डोळे पुसले आणि ठरवलं, हे असं चालायचं नाही.

२ फेब्रुवारी

वाकलेलं चाक घेऊन मिस्तरींच्या दुकानात गेले. मिस्तरी म्हणजे यांचे सायकल दुरुस्त करणारे, आमच्या लग्नाइतकीच जुनी ओळख. छताला एक लांबलचक सायकल टांगलेली होती. दोन सीटा, दोन हँडलं, चार पॅडल. कुणी तरी हौसेने घेतली, नवराबायकोचं जमेना म्हणून इथे आणून टाकली.

"मागे बसणाऱ्याने काय करायचं?" मी विचारलं.

"पॅडल मारायचं आणि गप्प बसायचं. हँडल नुसतं धरायला. ब्रेक, गिअर सगळं पुढे."

"आणि पुढे कोण बसतं?"

"ज्याला दिसतं तो, काकू."

"मला दिसतं," मी म्हटलं.

मिस्तरींच्या हातातला पाना तसाच राहिला. शाळेत असताना मी सायकल चालवायचे, त्यानंतर हात लावला तो यांच्या सायकलवरची धूळ पुसायला. पण मग मिस्तरीच म्हणाले की मे महिन्यात दोनशेची राइड आहे, साडेतेरा तासांत पुरी करायची. यांना सांगून बघा. आणि तोपर्यंत सायकल वापरा, पसंत पडली तर ठेवा, नाहीतर परत टांगू.

४ फेब्रुवारी

यांना सांगितलं. आधी हसले. महिन्याभराने हसले, मला तेवढंही पुरलं असतं. मग म्हणाले, "तू? अगं, तू आकाशपाळण्यात खालीच उतरू द्या म्हणून ओरडतेस."

खरं आहे. वेगाची मला लहानपणापासून भीती. म्हणून मी दोन अटी घातल्या. पहिली, वीसच्या वर वेग जाता कामा नये. गेला की मी ब्रेक दाबणार, मग नाक आपटलं तर मला बोलायचं नाही. दुसरी, मी समोरचा रस्ता बघेन, बाकी नजर यांची. वेगाचा मीटर, मागून येणारी वाहनं, खाण्याची वेळ, सगळं यांनी सांगायचं. दोन माणसांचा जीव मला एकटीने सांभाळता येणार नाही. ज्या दिवशी यांना मीटर दिसणार नाही त्या दिवशी सायकल मिस्तरींकडे परत.

"कबूल," हे म्हणाले, आणि उठून दाढी केली.

९ फेब्रुवारी

गोदामामागच्या रिकाम्या मैदानात गेलो आणि तीनदा पडलो. सुटताना दोघांचा एकच पाय एकाच वेळी खाली जायला हवा. मी "चला" म्हणते तेव्हा हे "थांब" म्हणतात, हे "चल" म्हणतात तेव्हा माझा पाय जमिनीवर. वर मागून सूचना: डावीकडे घे, ब्रेक दाब, एवढा नको दाबू! शेवटी मी सायकल थांबवली आणि म्हटलं, "हँडल कुणाच्या हातात आहे?"

"तुझ्या."

"मग?"

गप्प बसले. इतक्या वर्षांच्या संसारात हे पहिल्यांदा घडलं. मला ही सायकल आवडायला लागली आहे.

२१ फेब्रुवारी

बसायच्या जागेबद्दल लिहायला लाज वाटते, पण वही माझी आहे. मी हट्टाने रुंद, मऊ, उशीसारखी सीट बसवून घेतली होती. हे म्हणाले होते, नको, मऊ सीटवर हाडं रुततात आणि मांड्या घासतात. मी म्हटलं, तुमचं काय जातं. आज चाळीस किलोमीटर झाल्यावर मी सायकलवरून उतरले ती बदकासारखी चालत घरी आले. उद्या मिस्तरींकडे जाऊन अरुंद, कडक सीट आणणार आहे. यांना "तुमचं बरोबर होतं" असं म्हणणार नाही. परवडत नाही ते, आठवडाभर मिरवतात.

सायकलची तयार चड्डी मात्र मी उसवूनच टाकली. नेमकी नको तिथे शिवण! ज्याने शिवली तो सायकलवर कधी बसला नसावा. गादी काढली, शिवण बाजूला नेली, सपाट टाका घातला. यांचीही करून दिली. सुई ओवायला यांच्याकडे दिली तर म्हणाले, "तुझं तू ओव," आणि उठून गेले. लग्न झाल्यापासून माझ्या सुया हेच ओवतात. बहुतेक सीटवरून रुसलेत.

५ मार्च

आज एक नवल झालं. हे जड गिअर टाकून दमादमाने पॅडल मारणारे. मला ते जमेना, गुडघे बोलायला लागले. म्हणून मी गिअर हलका केला आणि पायमशीन चालवते तसे भराभर छोटे पाय मारायला लागले. साखळी एकच, त्यामुळे यांचे पायही नाइलाजाने तसेच फिरू लागले. पहिली दहा मिनिटं कुरकुर. मग शांतता. घरी आल्यावर म्हणाले, "आज पाय दुखले नाहीत."

"मग? आयुष्यभर शिवलंय मी."

"इतकी वर्षं उगीच जोर लावला मी," हे म्हणाले. इतकं गोड बोलले की मी दोनदा वळून बघितलं.

१४ मार्च

खाण्याचं शास्त्र आता मला पाठ झालंय. भूक लागेपर्यंत थांबायचं नाही, तहान लागेपर्यंत थांबायचं नाही. दर अर्ध्या तासाला थोडं थोडं. एकदा का अंगातलं इंधन संपलं की घोडं बसतं ते बसतंच, वरून कितीही खा. मिस्तरींनी पाकिटातलं ते चिकट जेल दिलं होतं, ते खाऊन माझ्या पोटात दिवसभर कालवाकालव झाली. तेव्हा ते बंद. खजूर आणि शेंगदाणे कुटून गोळे, उकडलेले मिठाचे बटाटे, पावाला मुरांबा. पाण्यात लिंबू, मीठ, साखर. घरचं पोटाला मानवतं.

यांना सायकलवर न खाण्याची जुनी खोड आहे. म्हणून मी दोन पिशव्या शिवल्या, यांच्या हँडलला दोन बाजूंना लटकवायला. लाल माझी, निळी यांची. दोन्हींत सारखंच सामान, म्हणजे कोणी किती खाल्लं ते घरी आल्यावर कळतं. हे वेळ झाली की "खा" म्हणतात आणि माझ्या पिशवीतलं काढून माझ्या हातात देतात. थोरामोठ्यांच्या घरी असते तशी माझी बडदास्त आहे.

१८ मार्च

लाल अर्धी, निळी अर्धीपेक्षा जास्त रिकामी. जास्त खाते ती मी, म्हणजे मी खाल्लेलं यांच्या पिशवीतलं होतं! "अहो, लाल माझी," मी म्हटलं. "चुकून झालं," हे म्हणाले. दुसऱ्या फेरीलाही तेच. यांचं लक्ष नसतं कुठे. परवा माझ्या किरमिजी स्वेटरला "हा हिरवा तुला शोभतो" म्हणाले. तीस वर्षं संसार करून नवऱ्याला बायकोच्या स्वेटरचा रंग सांगता येत नाही. पण शोभतो म्हणाले ना, मी तेवढंच घेतलं.

२ एप्रिल

शंभर झाले! शंभर! मुलाला फोन करून सांगितलं तर तो म्हणतो, "आई, वय काय तुझं?" मी म्हटलं, "काल होतं तेवढंच."

वाटेत मोठा उतार लागला. मी जीव मुठीत धरून विचारलं, "वेग किती?" हे म्हणाले, "अठरा." अठराला कानात एवढा वारा भरतो? "तुझे कानच मोठे आहेत," हे म्हणाले. पोस्टमनची स्कूटर आमच्या मागे पडली. म्हातारी झाली असेल बिचारी स्कूटर. मीटर यांच्या हँडलला आहे म्हणून बरं, माझ्यासमोर असता तर मी रस्त्याऐवजी आकडेच बघत बसले असते.

१५ एप्रिल

पिशव्यांची चूक आता होत नाही. लाल डावीकडे, निळी उजवीकडे, यांनी मनाशी पक्कं केलंय. सुधारतात माणसं, वेळ लागतो एवढंच.

मागून येणारं वाहन हे इतक्या लांबून सांगतात की मला कौतुक वाटतं. "बस. जुनी आहे. गिअर बदलला, आता ओलांडेल." आणि खरंच बस ओलांडते. उजवा डोळा चांगलाच तयारीचा आहे यांचा. डॉक्टरीणबाईंची तारीख होती, ती यांनी पुढे ढकलली. राइड झाल्यावर जाऊ म्हणाले.

ही वही काल जेवणाच्या टेबलावर उघडीच राहिली होती. यांनी वाचलीच असणार, आणि तरी चेष्टा केली नाही. हा माणूस खरोखर बदललाय.

३ मे

टायरवरून वाद. मी म्हणत होते हवा टम्म भरावी. हे म्हणाले, रुंद टायर आणि थोडी कमी हवा, दोघांचं वजन आहे, खड्ड्यांचे धक्के बसणार नाहीत. मिस्तरींनीही यांचीच री ओढली. भरली कमी हवा. सायकल खरोखर लोण्यासारखी गेली. बरोबर होतं असं याही वेळी म्हटलं नाही.

दुपारी हे खुर्चीत बसले होते. पण आता वेगळं बसतात, पाय हलत असतात. मी जवळून जाताना माझा हात धरला आणि विचारलं, "राइड पुरी नाही झाली तर?"

"तर पुढच्या वर्षी."

"पुढच्या वर्षी," हे म्हणाले, आणि हात सोडेनात. मला वाटतं हे राइडला घाबरलेत. मी म्हटलं, मी आहे ना पुढे. तेव्हा कुठे हसले.

१६ मे

उद्या. सामान भरून झालं. मिस्तरींनी नवा मोठा दिवा यांच्या हँडलच्या डाव्या बाजूला बसवला, तिथे जागा उरली नाही इतकी, म्हणून फुगीर लाल पिशवी मी उजवीकडे बांधली आणि चपटी निळी डावीकडे. यांना वेगळं सांगायची गरज काय, रंग दिसतातच. झोपते.

१७ मे

पोचलो. वेळेत. उद्या लिहीन.

१८ मे

काल काय काय झालं ते सगळं लिहायचं आहे, एकही गोष्ट सुटता कामा नये.

पहाटे सुटलो. शंभर किलोमीटरपर्यंत सगळं मस्त. अर्ध्या वाटेवरच्या चेकपोस्टवर कार्डावर शिक्का मारून घेतला. हे भिंतीला टेकून पाय ताणत होते. मी बघितलं तर लाल पिशवी जवळजवळ रिकामी, निळीतही थोडंच उरलेलं. मला वाटलं, मी बरंच खाल्लं की! माझ्या लांब बाह्यांच्या कुडत्याच्या खिशात गोळे होते, म्हणून मी केळी आणि पाव घेऊन निळी पिशवी गच्च भरली आणि लांबूनच ओरडून सांगितलं, "तुमची भरलीय हं! मला खिशातलं पुरे." हे "बरं" म्हणाले.

पुढे चढ लागला. मला पॅडल जड वाटायला लागलं. साखळी एक असल्यामुळे मागच्याचे पाय गळाले की पुढचीला लगेच कळतं. मी विचारलं, "खाताय ना?" "हो." "वेग किती?" "सोळा." सोळा? आम्ही अक्षरशः रांगत होतो, बाजूने एक कुत्रं चालत पुढे गेलं. मी म्हटलं, "नीट बघा." मग माझ्या पाठीला यांचं डोकं टेकलं.

मी ब्रेक दाबला. कशी कोण जाणे, सायकल तोल जाऊ न देता उभी केली. पेट्रोलपंपाशेजारी बाक होता, तिथे यांना बसवलं. अंग घामाने गार, ओठ पांढरे. मी पिशव्या बघितल्या. लाल रिकामी. निळी गच्च, मी भरली तशी. एक केळंसुद्धा काढलेलं नाही.

"अहो, तुमची पिशवी भरलेली आहे! उपाशी का बसलात?"

"माझी रिकामी आहे," हे म्हणाले. "भरलेली तुझी आहे. पुढे चढ आहेत. तुला लागेल."

"निळी तुमची ना?"

हे मग हळूच म्हणाले, "ती निळी आहे?"

मी निळीतलं एक केळं काढून सोललं आणि यांच्या तोंडाशी धरलं, कारण पहिलं काम पहिल्यांदा. मग मीटरकडे बघितलं. पडदा कोरा. बटण दाबलं तरी कोरा. उभी सायकल असली की मीटर झोपतो असं हे सांगायचे, म्हणून मी कधी बघितलंच नव्हतं. चाक हाताने फिरवलं. तरी कोरा.

"याची बॅटरी संपलीय," मी म्हटलं. "कधीपासून?"

"माहीत नाही गं. दिसत असतं तर कळलं असतं."

केळं खाता खाता हळूहळू सगळं सांगितलं. उजवा डोळाही फेब्रुवारीतच जायला लागला होता. आधी सुईचं भोक गेलं, मग अक्षरं, मग रंग. कडेकडेचं दिसतं, म्हणून घरात वावरता येतं. वेग टायरच्या आवाजावरून आणि पायांवरून सांगायचे. पिशव्या डाव्या-उजव्यावरून. आदल्या दिवशी मी बाजू बदलल्या, त्यामुळे हे सकाळपासून माझीच पिशवी आपली समजून खात होते. मी "तुमची भरली" म्हटल्यावर गोंधळले, पण विचारलं असतं तर मला कळलं असतं. म्हणून माझ्यासाठी ठेवली आणि उपाशी राहिले.

"आणि माझा चेहरा?" मी विचारलं.

"मार्चमध्ये गेला." मग म्हणाले, "पण तू पुढे बसतेस. पाठ तर कुणालाच ओळखावी लागत नाही, ती तुझीच असते."

मला इतका राग आला, इतका राग आला! आणि दुसऱ्या क्षणी मी यांच्या खांद्यावर डोकं ठेवून ढसाढसा रडले. पंपावरचा माणूस पाण्याची बाटली घेऊन आला, आमच्याकडे बघितलं आणि बाटली ठेवून निघून गेला.

"अट होती," हे म्हणाले. "मीटर दिसला नाही तर सायकल परत. मिस्तरींना इथूनच फोन कर. मी फसवलं तुला."

"चुलीत घाला ती अट!" मी म्हटलं. "तीन महिने मीटरही नव्हता आणि डोळेही नव्हते, आणि आपण कुठे पडलो? मैदानात तीनदा. तेव्हा तर तुम्हाला दिसत होतं!"

हे हसायला लागले. पाव खाता खाता ठसका लागेपर्यंत हसले. चेहऱ्यावर रंग आला.

माझ्या सामानात सुईदोरा असतोच. सुई ओवायला फार वेळ लागला, एक तर डोळ्यांत पाणी, त्यातून सवय नाही. माझ्या कुडत्याच्या बाहीचं मोठं बटण काढलं आणि निळ्या पिशवीवर घट्ट शिवलं. यांचा हात धरून बोट त्यावर ठेवलं. "हे बटण म्हणजे तुमचं. पुन्हा उपाशी राहिलात तर माझ्याशी गाठ आहे." हे त्या बटणावरून बोट फिरवत बसले. मला म्हणाले, "चार भोकांचं आहे."

"मग? दोन भोकांचं टिकत नाही."

निघालो. वेळ बराच गेला होता, ठरलेली वेळ गाठायची तर आता रमतगमत जाऊन चालणार नव्हतं. शेवटच्या चेकपोस्टवर हे तोंड धुवायला गेले, तेवढ्यात मी तिथल्या स्वयंसेवक मुलीकडून मीटरची बॅटरी मागून घेतली. ती म्हणाली, "काकू, वेग बघायचाय?" मी म्हटलं, "नवरा तपासायचाय." मीटरचं रबर सोडवून तो माझ्या हँडलला लावला आणि यांना काही सांगितलं नाही.

सपाट रस्ता लागला. दोघांचे पाय पुन्हा एका लयीत आले, पायमशीनसारखे. मी सवयीप्रमाणे विचारलं, "वेग किती?"

"एकोणीस."

मी मीटर बघितला. एकोणीस. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. "सतरा, वारा आलाय समोरून." मीटरवर सतरा. डोळे नाहीत, मीटर नाही, आणि आकडा चुकत नाही. अशा माणसाला मी त्या अटीपायी परत खुर्चीत बसवणार होते!

शिक्का वेळेत मिळाला. मिस्तरी शेवटच्या टोकाला उभे होते, त्यांनी यांना मिठी मारली आणि मला नमस्कार करायला लागले. मी म्हटलं, सायकल आता परत मिळायची नाही. मुलाचा फोन आला, तो नुसता "आई, आई" करत होता. पदक गळ्यात घातलं तेव्हा हे त्याची कड चाचपत राहिले आणि दुसऱ्या हाताने माझी बाही धरून होते, जिथे बटण नव्हतं तिथे. पुढच्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंकडे जायचंय, आता तारीख पुढे ढकलू देणार नाही. आणि पुढची राइड तीनशेची आहे असं मिस्तरी म्हणाले. बघू.

पण एक गोष्ट सांगायची राहिली. शेवटाच्या थोडं आधी लांब उतार होता. वेळ कमी होता आणि रस्ता मोकळा. सायकल सुटली. वारा कानात शिरला, झाडं बाजूने सरसर मागे जायला लागली. माझी बोटं ब्रेकवर होती. मीटर बघितला. अडतीस.

अडतीस! माझ्या तोंडचं पाणी पळालं. तरी मी ओरडून विचारलं, "अहो, वेग किती?"

"अठरा!" मागून आवाज आला, अगदी ठाम, अगदी शांत. तीन महिने प्रत्येक उतारावर ऐकलेला, तोच आवाज.

मग मला पोस्टमनची स्कूटर आठवली. बिचारी म्हातारी नव्हतीच.

"अठराच ना?" मी म्हटलं. "मग ठीक आहे." आणि ब्रेकवरची बोटं काढून घेतली.